निशाणी नांगर

समजा, तुमचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात आहे. तुम्ही वाढलात भांडुपला. गावी जाता ते जत्रेला, नाहीतर कुणी गेलं तर. घराण्याचा इतिहास शोधायची हौस तुम्हाला कधीच नव्हती. पण मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश हवा, त्यासाठी जात पडताळणी हवी, आणि पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा. आपल्याकडे बहुतेकांचा कुळाचा शोध असाच सुरू होतो. एक तर दाखल्यासाठी, नाहीतर बांधाच्या भांडणासाठी. पूर्वजांच्या ओढीनं सुरुवात करणारा माणूस मी तरी फार कमी पाहिला. ओढ नंतर लागते, आणि लागली की जेवणाची शुद्ध राहत नाही.

तर तुम्ही गावच्या शाळेत आला आहात. हेडमास्तर कपाटातून जनरल रजिस्टर नंबर १ काढतात. पुठ्ठा सुटलेला, कडा कसरीनं खाल्लेल्या. आजोबांचं नाव सापडतं. त्यावर बोट ठेवा, आणि आता लगेच उचलू नका.

जून १९४६. लोकल बोर्डाची शाळा मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरते. गुरुजी मांडी घालून बसलेत, पुढ्यात हेच रजिस्टर, तेव्हा करकरीत कोरं. ओळीत एक बाई उभी आहे. डोईवर पदर, हाताला धरलेलं पोर. ते पोर म्हणजे तुमचे आजोबा, आणि नाकाला शेंबूड आहे. तुम्ही त्यांना पाहिलंय ते फक्त दमेकरी म्हातारा म्हणून, काळाचौकीच्या खोलीत खिडकीशी बसलेले. इथं ते गुरुजींच्या छडीकडे बघत आईच्या मागं लपतायत.

"कधीचा जन्म?"

"सहा पावसाळं झालं, गुर्जी."

गुरुजी हिशोब करतात आणि लिहितात: १ जून १९४०. वरच्या ओळीतल्या मुलाचा जन्म १ जूनचा, त्याच्या वरच्याचाही १ जूनचा. पावसाळे मोजून आलेल्या सगळ्या पोरांना गुरुजींनी तीच तारीख वाटली आहे. महाराष्ट्रात ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांमधून एकदम एवढी माणसं निवृत्त का होत आली, त्याचं कारण या ओवरीत बसलं आहे.

आता ओळीच्या उजव्या टोकाला या. शेवटचा रकाना, 'शाळा सोडल्याचे कारण'. तिथं दोनच शब्द: मुंबईस गेला. बारा वर्षांचं पोर. पुढचं तुम्हाला ऐकून माहीत आहे. मामाच्या ओळखीनं गिरणीत बदली कामगार, मग कायम, मग १८ जानेवारी १९८२ चा संप आणि त्यानंतर कधीच न वाजलेला भोंगा. तुमच्या घरात चाळीस वर्षं बोलली गेलेली सगळी गोष्ट त्या दोन शब्दांच्या पलीकडची आहे.

दाखला मिळाला, काम झालं. इथून परत फिरलात तरी कुणी नावं ठेवणार नाही. पण परतीच्या एसटीत तुम्हाला काहीतरी खटकतं. रजिस्टरात आजोबांच्या वडिलांचं जे नाव आहे, तेच तुमच्या वडिलांचं. म्हणजे पणजोबांचं नाव नातवाला ठेवलं. मग आजोबांना कुणाचं ठेवलं असेल? त्यांच्या आजोबांचं. दोनच नावं पिढ्यान्‌पिढ्या आलटूनपालटून. अमक्याचा तमका, तमक्याचा अमका. जुने कागद वाचणाऱ्यांना याचा घोळ फार. आजा कुठला आणि नातू कुठला, सालावरूनच ओळखायचं. पण ज्याला या शिडीची एक पायरी दिसली, त्याला दुसरी बघितल्याशिवाय झोप येत नाही. तुम्हालाही येत नाही.

दुसरी पायरी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आहे. अर्ज, शुल्क, 'उद्या या', 'साहेब मीटिंगला', हे सगळं होतं आणि एका दुपारी तुमच्यासमोर गाव नमुना १४ उघडला जातो. जन्ममृत्यूची नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. पण पान उघडताच तुम्ही बावचळता, कारण त्यातलं एक अक्षर लागत नाही. मोडी. आधी सरळ आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली, हात शक्य तितका न उचलता, ओळ संपेपर्यंत लिहीत जायचं. शब्द कुठं तुटतो ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. तुमच्या आजोबांना थोडीफार वाचता येत होती. शाळांतून ती पन्नासच्या दशकात गेली, आणि एका पिढीत आपण सगळे आपल्याच आज्यापणज्यांच्या कागदांपुढे निरक्षर झालो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा राज्यभर मोडी वाचणारे शोधत फिरायची वेळ आली. ज्यांना कालपर्यंत कुणी चहा विचारत नव्हतं, त्यांच्या घरापुढं जीपा उभ्या राहिल्या. आरक्षणाचं काय व्हायचं ते होवो. पण रुमालात बांधलेल्या कागदांची किंमत गावोगाव कळली, हे त्या धांदलीचं देणं आहे.

एक मोडीवाचक काका तुमच्या शेजारी बसतात. साल १९१८, महिना ऑक्टोबर. ते बोट ठेवतात आणि सावकाश वाचू लागतात. तुम्हीही बोट ठेवा.

घट बसलेले आहेत. पण गावात आरतीचा आवाज नाही. पाऊस यंदा मधेच तुटला. बाजरीची ताटं उभ्याउभ्या वाळली. महायुद्धानं कापड, रॉकेल, सगळंच महाग करून ठेवलंय. जूनमध्ये मुंबईला एक ताप आला होता, आला तसा गेला म्हणतात. आता तो परत आला आहे आणि या वेळी जीव घ्यायला आला आहे. मुंबईत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं गेली. चाकरमानी गाड्या भरभरून गावाकडे पळतायत आणि येताना ताप घेऊन येतायत.

तुम्ही चावडीत उभे आहात. लिहिणाऱ्यासमोर हीच वही. कुणी येतं, उंबऱ्याबाहेरूनच सांगतं, तो लिहितो. नाव, जात, वय, रोग. रोगाच्या रकान्यात एकच शब्द: ताप. पुढच्या ओळीत ताप. पुढच्या पानावर ताप. एरवी महिन्याला दोनतीन नोंदी असणाऱ्या या वहीत दिवसाला तेवढ्या होतायत. म्हातारी माणसं कमी आहेत, हे तुमच्या लक्षात येतं का बघा. वीस ते चाळीस वयाची, संसाराच्या ऐन भरातली माणसं जास्त आहेत. त्या साथीची ही खोड जगभर दिसली. हिंदुस्थानात दीड कोटीच्या आसपास माणसं गेली असा अंदाज सांगतात. पण दीड कोटी हा आकडा मनात मावत नाही. या पानावरच्या चौदा ओळी मावतात.

नववी ओळ तुमची. तुमच्या खापरपणजोबांचं नाव, वय ३३, ताप. अकरावी ओळही तुमची. 'यांची मुलगी', वय ९. तिच्यानंतर दोन दिवसांनी आणखी एक, 'यांची मुलगी', वय ३ महिने. तिला नाव नाही. कदाचित बारसं झालं असेल, घरात हाक मारायला नाव असेलच. वहीत बापाच्या नावावर ती फक्त मुलगी आहे. काका पान उलटत नाहीत. तेही थांबलेत.

त्या घरापाशी जाऊन या. माळवदाचं घर, दाराशी राख. आत एक बाई आणि सहा वर्षांचा मुलगा, दोघंच. तो मुलगा म्हणजे तुमचे पणजोबा. त्यालाही ताप आहे. तो वाचला तर पुढं तुमचे आजोबा, तुमचे वडील, तुम्ही, आणि प्रवेशाची वाट बघत भांडुपला बसलेली तुमची मुलगी. वाचला हे तुम्हाला माहीत आहे. त्या बाईला नाही. ती रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवते आहे.

तुमची आजी एक गोष्ट सांगायची, आठवतं? 'आपल्या घरात पहिल्या मुलीचं बारसं थोरल्या आत्याच्या नावानं ओवाळून करतात, कारण एक आत्या न्हवती झाली.' तुम्ही हसून सोडून दिलं होतंत. ती आत्या ही, अकराव्या ओळीवरची. आजीला साल ठाऊक नव्हतं, रोग ठाऊक नव्हता, पण शंभर वर्षं या घरानं तिची आठवण एका रीतीत बांधून ठेवली होती. तोंडी गोष्ट आणि कागद असे एकमेकांना भेटले की अंगावर काटा येतो, आणि त्याच क्षणी, जरा लाज वाटेल इतका, आनंद होतो. चौदा मृत्यूंच्या पानापुढे बसून आनंद! पण होतो खरा. एक माणूस सापडलं म्हणून होतो.

त्या बाईचं पुढं काय झालं, ते त्याच कक्षातल्या दुसऱ्या फडताळात आहे. १९१९ चा फेरफार. मयताच्या जागी वारस लागला: तुमचे पणजोबा, आणि पुढं अ. पा. क., म्हणजे अज्ञान पालनकर्ती, आई. आणि तिचं नाव. पहिल्यांदाच तिचं नाव. जन्मली तेव्हा कुणाची मुलगी, लग्न झाल्यावर अमक्याची बायको, जुन्या मोडीत 'कोम अमुक'. ती स्वतःच्या नावानं कागदावर आली ती नवरा मेल्यावर, अज्ञान मुलाची राखणदार म्हणून. हा तिच्या एकटीचा प्रकार नाही. सातबारे आणि फेरफार चाळत जा. बाईचं नाव दिसतं ते बहुतेक दोन ठिकाणी: विधवा झाली तेव्हा, आणि भावांसाठी हक्कसोड लिहून दिलं तेव्हा. हक्क मिळाला म्हणून नाव आलं अशा नोंदी दाट व्हायला १९५६ चा वारसा कायदा आणि नंतरची २००५ ची दुरुस्ती यावी लागली. वंशवेलीत बायका का नसतात असं कुणी विचारलं तर त्याला एक फेरफार दाखवावा.

तिला आणखी एकदा गाठता येतं, पण त्यासाठी नाशिकला जायला हवं.

पंचवटीतल्या एका वाड्यात, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर, तीर्थोपाध्याय तुम्हाला दोनच प्रश्न विचारतात. गाव कोणतं? आडनाव काय? मग आतून लाल कापडात बांधलेली लांबट चोपडी येते. ही नामावळी. कुणी अस्थी घेऊन आलं, सिंहस्थाला आलं, श्राद्धाला आलं, की त्यानं आपलं, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव सांगायचं, उपाध्यायांनी लिहायचं, येणाऱ्यानं खाली सही किंवा अंगठा करायचा. उपाध्यायांच्या पिढ्या बदलतात, यजमानांच्या बदलतात, चोपडी तीच चालते. वारसाहक्काच्या दाव्यांत अशा चोपड्या न्यायालयापुढं गेल्या आहेत. कुठल्याही सरकारनं हुकूम न काढता लोकांनी स्वतःहून चालत येऊन लिहवून घेतलेलं असं दुसरं दफ्तर आपल्याकडे नाही. बाकी सगळे कागद कुणीतरी तुमच्या पूर्वजांकडून काहीतरी घेण्यासाठी लिहिले: सारा, व्याज, साक्ष. इथं तो नुसतं 'मी येऊन गेलो' हे सांगायला आला.

तुमच्या गावाचं पान निघतं. मार्च १९३०. बोट ठेवा.

अठरा वर्षांचा पोरगा शिरूरहून मोटारीनं नगरला, तिथून रेल्वेनं मनमाड, मनमाडहून नाशिक रोड असा आला आहे. उपरण्यात मातीचं मडकं. तापातून वाचलेला तोच हा, आणि मडक्यात कपाळावर पट्ट्या ठेवणारी. तो उपाध्यायांपुढं बसून आईचं नाव सांगतो. इथं ती पुन्हा आली कागदावर, ही दुसरी वेळ आणि शेवटची. मग बापाचं नाव, आज्याचं नाव. बहिणींची नावं त्याला कुणी विचारत नाही. तो सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा उमटवतो. उचला आता तुमचा अंगठा आणि त्या ठशाशेजारी धरून बघा.

तो उठून बाहेर येतो तर पंचवटीत पोलीस. काळारामाचे दरवाजे बंद. २ मार्चपासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आहे. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे साथी शेकडो माणसं घेऊन चारी दरवाजांशी बसलेत. देवळात जाऊ द्या, एवढीच मागणी. तुमचा पणजोबा घोळक्यात उभा राहून बघतो. काय वाटलं त्याला? बाजूला उभं राहून दगड उचलणाऱ्यांत होता, की मान खाली घालून गेला? तुम्हाला त्याचा चेहरा बघायचा आहे, पण तो पाठमोरा आहे, आणि चोपडीत याबद्दल अक्षर नाही. ज्या वाड्यात त्याच्या आईचं नाव आत्ताच लिहिलं गेलं, तिथं त्या दरवाजाशी बसलेल्यांची चोपडी नाही, हे मात्र तुम्ही पाहिलंत.

त्यांचे वंशज आपली माणसं दुसरीकडे शोधतात. महार वतनाच्या कागदांत, फौजेच्या नोंदींत, गिरण्यांच्या हजेरीपटांत. तुमच्या तालुक्याच्या हद्दीला लागूनच, कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरली आहेत. त्यांतली कितीतरी 'नाक'नं संपतात, तो त्या काळच्या महारांच्या नावांचा शेवट. दगडावर कोरलेली वंशावळ सरदारांची असते असं वाटत असेल तर तो स्तंभ बघून या. सरदारांचं निघालंच म्हणून सांगतो: या नादात भेटणारा दर तिसरा माणूस तुम्हाला आपलं मूळ चितोडला नेऊन दाखवील. भाटांनी दक्षिणा घेऊन सोन्याच्या वंशावळी पुष्कळ लिहून दिल्या आहेत. त्या नमस्कार करून बाजूला ठेवाव्या. पूर्वज कुणबी निघाला तर तो निदान खरा असतो.

चोपडीचं पान मागे उलटा. १९३० च्या आधीची एक नोंद, शाई तपकिरी झालेली, मोडी. तुमच्या वडिलांचं नाव! म्हणजे पणजोबांचा आजा. शिडी बरोबर लागली. त्याच्या पुढं भावाचं नाव, आणि भावापुढं चार शब्द: खानदेशात गेला, वास्तव्य तिकडेच. भाऊ? तुमच्या घरात या भावाबद्दल कधी कुणी बोललंच नाही. म्हणजे धुळे-जळगावकडे कुठंतरी, कदाचित गावावरून पडलेल्या निराळ्याच आडनावाची, तुमची रक्ताची माणसं नांदत आहेत, आणि त्यांनाही तुमचा पत्ता नाही. उपाध्याय हसून विचारतात, "त्यांचं पान काढू का? ते येतात." तुम्ही तिथंच खाली बसता.

का गेला असेल तो? इथं मोह आवरा. १८७६ ते ७८ चा दुष्काळ असेल, कर्ज असेल, भावाशी भांडण असेल, बायकोचं माहेर तिकडं असेल. कागद 'गेला' म्हणतो, 'का' म्हणत नाही. मधली जागा आपण कल्पनेनं बुजवली की पुढच्या पिढीला ती खरी वाटते, आणि वंशावळीचं वाटोळं होतं.

पण त्या दोघा भावांचं गाव कसं होतं, ते बघता येतं. मे १८७५ मध्ये उतरा.

ऊन मी म्हणतंय. वडिलांच्या नावाचा हा अठरा वर्षांचा तरणाबांड गडी सावकाराच्या दारासमोरच्या गर्दीत आहे. १२ तारखेला भीमथडीत सुप्याच्या बाजारात सावकारांची दुकानं लुटली गेली. ती बातमी शिरूर तालुक्यात पोचली आहे. चौदा वर्षांपूर्वी अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. यादवी मिटली, भाव कोसळले, आणि तेवढ्यात सरकारनं जमिनींची फेरपाहणी करून सारा वाढवला. कर्ज राहिलं. खत लिहून द्यायचं, व्याज थकलं की मुद्दलात घालून नवं खत, आणि शेवटी कोर्टाचा हुकूमनामा. गर्दीला सावकाराचा जीव नकोय. लोक एकच ओरडतायत: खतं काढा!

गाठोडी बाहेर येतात. आणि तुमचा जीव वरखाली होतो, कारण तुम्हाला दिसतंय त्या गाठोड्यात काय आहे. तुमच्या या पूर्वजाच्या बापाचं नाव, आज्याचं नाव, सर्व्हे नंबर, बैलांची संख्या, साक्षीदार, निशाण्या. तीन पिढ्यांचा सगळा पुरावा एका रुमालात. फक्त दहा मिनिटं द्या, मोबाईलनं फोटो घेतो, असं तुम्हाला ओरडावंसं वाटतं. तो गडी मात्र हसत हसत रुमाल सोडतो आणि कागद आगीत टाकतो. तुम्हाला ते कागद हवेत. त्याला त्यांच्यातून सुटायचंय. या एका ठिकाणी तरी पूर्वजाची बाजू घ्या. जळू द्या.

गंमत पुढे आहे. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यानं सांगितलं की यापुढं शेतकऱ्याचे करार गावच्या नोंदणी कारकुनासमोर लिहिले पाहिजेत. म्हणजे होते ते जाळले आणि त्यापायी नवे कितीतरी जन्माला आले. तुमच्यासारख्यांची सोय झाली.

याच्या मागे जायचं तर पुणे पुराभिलेखागार. १८९१ साली बांधून झालेली दगडी इमारत, आत पेशवे दफ्तर, हजारो रुमाल, कागद कोट्यवधी. यातलं बरंच १८५२ नंतर इनाम कमिशननं गोळा केलं. 'तुम्ही इनाम खाता, तर वंशावळ दाखवा' असा त्या कमिशनचा खाक्या होता. इनाम हिरावून घ्यायला मागवलेल्या कैफियती आज त्याच घराण्यांच्या सगळ्यात चांगल्या वंशावळी आहेत. तुमच्या घराला इनाम नव्हतं. त्यामुळं तुम्हाला कैफियत मिळणार नाही. पण गावच्या पाटीलकीवर भांडण झालं होतं, आणि भांडणाला साक्षीदार लागतात.

प्रांत जुन्नर, तर्फ पाबळ. महजराच्या, म्हणजे गोतसभेच्या निवाडपत्राच्या, माथ्यावर सालाच्या जागी अक्षरं: सबा सबैन मया व अलफ. घाबरू नका. अरबी आकडे आहेत, उलटे वाचत जायचे: सात, सत्तर, शंभर आणि हजार. शुहूर सन ११७७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, महिन्याप्रमाणे. १७७६-७७. मृग नक्षत्राला सुरू होणारं साल.

गावच्या चावडीपुढं गोतसभा भरली आहे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बारा बलुतेदार, शेजारच्या गावचे लोक. दोन घरं म्हणतायत, थोरपण आमचं. कोण कुणाचा मुलगा, कोण दत्तक, कोण लेकावळा, सगळं भर सभेत उकरलं जातंय. आणि याच हिवाळ्यात पुण्यात पानिपतावर गेलेला सदाशिवरावभाऊ मीच म्हणणाऱ्या तोतयाला मृत्युदंड दिला गेला. दौलत असो की पाटीलकी, त्या साली सगळा मुलूख एकच चौकशी करत होता: हा खरा कोण?

साक्षी संपतात. कुलकर्णी बोरू झाडून नावं लिहितो, शाईवर वाळू टाकतो. ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या धंद्याचं हत्यार काढतो. न्हाव्याचा आरसा, सुताराचं हत्यार, कुणब्याचा नांगर. एक माणूस पुढं सरकतो. कुलकर्णी लिहितो त्याचं नाव, आणि ते तुमच्या शिडीतल्या दोन नावांपैकी एक आहे. आडनाव नाही, त्या काळी गरजही नव्हती. तो बोरू मुठीत धरतो, पहिल्यांदाच धरल्यासारखा, आणि कागदावर इसाड, रुमणं, फाळ काढतो. तीनचार रेघा. फाळ जरा जास्तच मोठा झालाय. बाजूला कुलकर्णी लिहितो: निशाणी नांगर.

तो तुमचा थेट पूर्वज, की भावकीतला कुणी, हे सिद्ध करायला मधले दोन कागद लागतील. मिळतील, न मिळतील. मोडी शिकायला घ्या. पुराभिलेख विभाग वर्ग चालवतो, परीक्षाही घेतो; पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही शिकवतात. चिकाटी असली तर काही महिन्यांत नावं आणि गावं लागायला लागतात, आणि सुरुवातीला तेवढंच पुरतं.

पण रुमालाआधी माणसं. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर या रविवारीच जा. फोन चालू करून समोर ठेवा आणि वंशावळ विचारू नका, त्यानं म्हातारी माणसं बिचकतात. लग्नात कोण कोण आलं होतं, ते विचारा. सगळी भावकी, सोयरे, रुसलेले, परागंदा झालेले, एकेक करून मांडवात येतील. जुने फेरफार आता स्कॅन होऊन ऑनलाइनही मिळू लागले आहेत, ते नंतर.

आणि पंचवटीत जाल तेव्हा सिंहस्थाच्या गर्दीत जाऊ नका, निवांत वेळ काढून जा. उपाध्याय नावं विचारतील तेव्हा मुलगे सांगून थांबू नका. मुलीचं नाव सांगा, सुनेचं सांगा, बहिणीचं, आत्याचं, आईच्या माहेरचं सांगा. वहीत नाव न मिळालेल्यांची, आठवत असतील तर, तीही सांगा. सांगितलं की ते लिहितात.